टाकाऊ वस्तूंतून सामुदायिक शिल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरून टाकलेल्या वस्तूंपासून सर्वांनी मिळून एखादे मोठे शिल्प उभारायचे, असे एखाद्या शाळेने, गणेशोत्सव मंडळाने किंवा गृहनिर्माण संस्थेने ठरवले की पहिल्या दोन-तीन बैठकांत ठरावीक प्रश्न हमखास पुढे येतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कार्यपद्धतीसाठी आम्ही मुख्यतः अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या बँडन या किनारी गावात सुरू झालेल्या ‘वॉश्ड अशोर’ या उपक्रमाचा आधार घेतला आहे. कायदे, हवामान आणि भंगाराचा व्यवहार मात्र महाराष्ट्रातला गृहीत धरला आहे.

सामुदायिक शिल्प म्हणजे नेमके काय? भंगारापासून केलेले कोणतेही शिल्प सामुदायिक म्हणता येईल का?

नाही. दिल्लीतील ‘वेस्ट टू वंडर’ उद्यानात २०१९ साली जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती भंगारातून उभारल्या गेल्या. ते काम कलावंतांनी आणि वेल्डरांनी केले आणि नागरिक ते तिकीट काढून पाहतात. त्यात गैर काही नाही, पण तो वेगळा प्रकार आहे. सामुदायिक शिल्पात ज्या लोकांच्या घरातून वस्तू बाहेर पडली, त्यांच्याच हातून ती गोळा होते, धुतली जाते, निवडली जाते आणि शेवटी शिल्पावर बसते. याचा अर्थ सर्वांनी सर्व कामे करायची असा नव्हे. वजन पेलणारा सांगाडा जाणकारांनी करायचा आणि त्यावरची कातडी सगळ्यांनी मिळून करायची, ही विभागणी आम्हांला या कामात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि पुढील बहुतेक उत्तरे तिच्यावरच आधारलेली आहेत.

बँडनमध्ये हे काम कसे होत असे?

अँजेला हेझेलटाइन पोझी या व्यवसायाने कलाशिक्षिका. पतीच्या निधनानंतर त्या बँडनला राहायला आल्या, तेव्हा लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पडणारे प्लास्टिक त्यांच्या नजरेत भरले आणि २०१० मध्ये त्यांनी हा उपक्रम सुरू केला. किनाऱ्यावरून आलेला माल धुऊन रंगांनुसार वेगळा करायचा आणि त्यातून मासे, सील, कासव, पफिन पक्षी, शार्क यांची माणसापेक्षा मोठी शिल्पे घडवायची, असा हा क्रम होता. हजारो स्वयंसेवकांचे हात या कामाला लागले. २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात ही शिल्पे मांडली गेली.

या पद्धतीतील युक्ती तिच्या सुट्या तुकड्यांत आहे. स्वयंसेवक थेट शिल्पावर चढून काम करत नाहीत. ते टेबलाभोवती बसून जाळीच्या तुकड्यावर वस्तू तारेने शिवतात. प्रत्येक वस्तूला दोन भोके पाडायची, तारेचा तुकडा पुढून मागे घालायचा, जाळीच्या मागे पकडीने पीळ द्यायचा, आणि पिळाचे टोक वाकवून आत दाबायचे, म्हणजे ते नंतर कोणाच्या बोटाला लागत नाही. बूच, दात घासण्याचा जुना ब्रश, चपलेचा तुटका अंगठा, दोरीचा गोळा असे काहीही या पद्धतीने बसते. असे तुकडे तयार झाले की जाणकार मंडळी ते सांगाड्यावर आकार पाहून जोडतात. नवशिक्याने शिवलेला तुकडा सैल निघाला तर तेवढाच उकलून पुन्हा करता येतो आणि बाकीचे काम थांबत नाही. आजीबाईंपासून आठवीतल्या मुलापर्यंत कोणालाही अर्ध्या तासात हे काम शिकवता येते.

आकार कोणता निवडावा?

ज्या आकाराला खवले, पिसे, पाकळ्या किंवा कवच आहे तो निवडावा, कारण लहान वस्तूंची पुनरावृत्ती अशा आकारात आपोआप शोभून दिसते. माणसाचा चेहरा टाळावा. बुचांमधून ओळखू येईल असा चेहरा घडवणे हे कसलेल्या शिल्पकाराचे काम आहे, आणि तो चेहरा एखाद्या आदरणीय व्यक्तीचा असेल तर बिघडलेल्या प्रतिमेवरून वाद उद्भवतो तो वेगळाच.

आकाराचा साहित्याशी आणि जागेशी संबंध असावा. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात आणि तेथील कासव महोत्सव आता सर्वपरिचित आहे. समुद्रात सुटलेल्या जाळ्यांत हीच कासवे अडकतात. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या गावाने टाकून दिलेल्या जाळ्यांतून कासव केले तर पाहणाऱ्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. विदर्भातल्या गावाने मात्र केवळ चित्रांत छान दिसतो म्हणून व्हेल मासा करू नये. तेथे माळढोक किंवा सारस अधिक शोभेल.

साहित्य कोठून मिळवावे? भंगारवाल्याकडून विकत घ्यावे का?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक उपक्रमांत उलटे दिले जाते, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो. पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या, ॲल्युमिनियमचे डबे, पुठ्ठा आणि लोखंड या वस्तू कचरा नसून माल आहेत. त्यांना भाव आहे, त्या वेचून विकणाऱ्यांचे घर त्यावर चालते, आणि त्यांची साखळी आपल्याकडे परदेशातल्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये स्थापन झाली आणि त्यातूनच पुढे आकाराला आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. अशा शहरात शाळेने मुलांना ‘घरून प्रत्येकी दहा बाटल्या आणा’ असे सांगितले, तर पर्यावरणाच्या नावाखाली आपण एका कष्टकरी बाईच्या पोत्यातला माल काढून घेतो, आणि ज्या वस्तूचा पुनर्वापर होणारच होता ती शिल्पावर अडकवून ठेवतो. काही मुले तर शिल्पासाठी म्हणून नव्या बाटल्या विकत आणतात, याला काय म्हणावे!

म्हणून ज्याला भंगारवाला हात लावत नाही ते घ्यावे. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने, जुन्या चपला, दात घासण्याचे ब्रश, लायटर, फुटकी खेळणी, बॉलपेन, गोळ्यांची रिकामी पाकिटे, तुटके बोये (मासेमारीची जाळी तरंगती ठेवणारे गोळे), जाळ्यांचे गुंते आणि दोर यांना सहसा गिऱ्हाईक नसते. काम सुरू करण्यापूर्वी परिसरातील कचरावेचक आणि भंगारवाले यांना बैठकीला बोलवावे आणि त्यांच्या दृष्टीने बिनकामाचे काय, याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यावी. प्लास्टिकचे प्रकार ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. निवडणीच्या कामात त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावल्यास त्याचा मोबदला द्यावा, केवळ शाल-श्रीफळ देऊ नये.

किनाऱ्यावरून साहित्य गोळा करायचे तर केव्हा करावे?

पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच समुद्र सर्वाधिक माल परत करतो. मोठ्या भरतीच्या वेळी मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाटांबरोबर रस्त्यावर येऊन पडणारा कचरा अनेकांनी पाहिला असेल. परंतु उधाणाच्या काळात किनाऱ्यावर माणसे नेणे धोक्याचे असते, त्यामुळे समुद्र शांत झाल्यावर, ओहोटीच्या वेळा पाहून आणि स्थानिक कोळी बांधवांना विचारून दिवस ठरवावा. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्वच्छतेला पुढे हजारोंची साथ मिळाली, त्याचे एक कारण ते काम एका दिवसाचा कार्यक्रम म्हणून न होता दर आठवड्याला होत राहिले, हे होते. शिल्पासाठी माल गोळा करणाऱ्यांनीही हाच शिरस्ता ठेवावा, कारण एकाच दिवशी आलेल्या दहा गोण्या धुवायला आणि वाळवायला जागा पुरत नाही.

कोणत्या वस्तू घेऊ नयेत?

सुया, सलाइनच्या नळ्या आणि इतर वैद्यकीय कचरा, बॅटऱ्या, ट्यूबलाइट व सीएफएल, सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तुकडे, कीटकनाशकांचे डबे, तेलकट पिंपे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सर्किट बोर्ड घेऊ नयेत. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि सीएफएलमध्ये पारा असतो. लायटर घेतल्यास तो पूर्ण रिकामा असल्याची खात्री मोठ्या माणसाने करावी, आणि त्याच्या टाकीला भोक न पाडता तो बाहेरून तारेने बांधावा. थर्माकोल नव्याने विकत आणणे तर दूरच राहो. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. पॅकिंगमधून आलेला जुना थर्माकोलही भोक पाडताच भुगा होऊन वाऱ्यावर उडतो, त्यामुळे तो वगळलेला बरा.

धुण्याची आणि निवडण्याची पद्धत काय असावी?

आधी कोरडी झटकणी करावी. मग साबणाच्या पाण्याचा टब आणि त्यानंतर साध्या पाण्याचा टब वापरावा. समुद्रावरचा माल गोड्या पाण्यात दोनदा बुडवावा, नाहीतर उरलेले मीठ पुढे तार खाते. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर संडास साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव तिच्याजवळही आणू नये, कारण दोन्ही मिसळल्यास क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

निवडताना पाण्याची बादली उपयोगी पडते. झाकणांचे व बादल्यांचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन, पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगते. पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ (पीईटी) आणि पाइपांचे पीव्हीसी हे प्लास्टिक बुडते. बाटलीचा तुकडा तळाला आणि तिचेच बूच वर, हे मुलांना दाखवले की प्लास्टिक हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे कुटुंब आहे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. शिल्प मोडताना प्रत्येक प्रकार स्वतंत्रपणे पुनर्वापराला द्यायचा असेल तर ही निवड सुरुवातीलाच करून ठेवणे फायद्याचे ठरते. त्यानंतर रंगांनुसार वाटणी करावी. पांढरा आणि निळा माल सहसा भरपूर मिळतो, लाल आणि जांभळा कमी मिळतो, त्यामुळे आराखडा कागदावर पक्का करण्यापूर्वी रंगांचे ढीग डोळ्यांनी पाहून घ्यावेत.

ग्लू गनने चिकटवले तर काम लवकर होणार नाही का?

होईल, आणि तितक्याच लवकर पडेलही. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बहुतेक गोंद नीट पकड घेत नाहीत, आणि ग्लू गनची कांडी एप्रिलच्या उन्हात मऊ पडते. तारेने शिवणे, पॉप रिव्हेट मारणे किंवा नट-बोल्ट लावणे हेच खरे. साधी काळी बाइंडिंग तार किनाऱ्यावर एका पावसाळ्यात गंजून तुटते, म्हणून तेथे स्टेनलेस स्टीलची तार घ्यावी. आतल्या भागात गॅल्व्हनाइज्ड तारेने भागू शकते. प्लास्टिकचे केबल टाय उन्हाने ठिसूळ होऊन एकेक करून तुटतात आणि कचऱ्यात आणखी भर घालतात.

रंग द्यावा का?

देऊ नये. बँडनच्या शिल्पांत वस्तूंचे मूळ रंगच वापरले गेले, आणि त्यामुळेच जवळ गेलेल्या माणसाला माशाच्या पोटातला ब्रश आणि शेपटीतली चप्पल ओळखू येते. वरून एकसारखा सोनेरी स्प्रे मारला तर कशापासून केले हे कोणालाच कळत नाही, शिवाय या प्लास्टिकवर रंग टिकत नाही आणि त्याचे पापुद्रे खाली पडत राहतात. लोखंडी सांगाड्याला रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइल पेंट हवाच. वरची सूचना केवळ कातडीपुरती आहे.

सांगाडा किती भक्कम हवा? शिल्प हलके असेल तर पायाची गरज काय?

शिल्प हलके असते, पण वाऱ्याला त्याचे वजन दिसत नाही, त्याचे क्षेत्रफळ दिसते. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार मुंबई आणि नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरतात. ४४ मीटरच्या वेगाने एक चौरस मीटरवर येणारा दाब सुमारे ११८ किलो वजनाइतका भरतो. म्हणजे तीन मीटर रुंद आणि चार मीटर उंच अशा भरीव आकारावर ढोबळमानाने १,४०० किलोंचा आडवा रेटा येऊ शकतो. परिसर, उंची आणि शिल्पाचा आकार यांप्रमाणे हा आकडा बदलतो, आणि म्हणूनच हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीनिशी करून घ्यावा. ‘आमचा वेल्डर वीस वर्षांचा अनुभवी आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. भोके असलेली कातडी वारा थोडा सोडते, पण वेष्टने आणि बुचे दाटीने शिवली की ती भिंतच होते. सांगाडा एमएस (माइल्ड स्टील) अँगल किंवा पाइपचा करून त्याची तळाची पट्टी, म्हणजे बेस प्लेट, काँक्रीटच्या पायात (फुटिंगमध्ये) अँकर बोल्टने बसवावी. वेल्डिंगचे सर्व काम प्लास्टिक चढवण्यापूर्वीच संपवावे, कारण ठिणगी पडली तर पॉलिइथिलीन वितळून जळते थेंब गाळते.

अशा कामाची परीक्षा कशी होते याचा एक गाजलेला दाखला लॉस एंजेलिसमधला आहे. सायमन रोडिया या इटालियन स्थलांतरित कामगाराने १९२१ ते १९५४ या काळात सळया, जाळी आणि सिमेंट वापरून एकट्याने ‘वॉट्स टॉवर्स’ उभारले आणि त्यांवर फुटक्या फरशा, काच, शिंपले बसवले. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा आहे. शहर प्रशासनाने ते धोकादायक ठरवून पाडायचे ठरवले, तेव्हा १९५९ मध्ये मनोऱ्याला १०,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार टनांचा आडवा ताण देऊन चाचणी घेण्यात आली. मनोरा टिकला आणि पाडण्याचा आदेश मागे पडला. आपल्या शिल्पावर अशी वेळ येऊ नये म्हणून चाचणीचा कागद आधीच तयार असलेला चांगला.

परवानगी कोणाची लागते?

खासगी जागेत मालकाची किंवा संस्थेच्या सर्वसाधारण सभेची, शाळेत व्यवस्थापनाची, आणि सार्वजनिक जागेत ग्रामपंचायत, नगरपालिका अथवा महापालिकेची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि इतर सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे वा बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश राज्यांना दिला आहे. त्यामुळे ‘चौकात बसवू’ हा पर्याय चर्चेलाही घेऊ नये. बाग, शाळेचे आवार, ग्रंथालयाचे अंगण या जागा योग्य. किनाऱ्यालगत असल्यास सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागू होतात. तेथे कायमचा पाया घालण्यापेक्षा उचलून नेता येईल असे शिल्प करावे. अर्जासोबत आराखडा, इंजिनिअरचा दाखला, देखभाल कोण करणार याचे हमीपत्र आणि शिल्प केव्हा उतरवणार याची तारीख जोडली की ना हरकत दाखला मिळणे सोपे जाते.

मुलांना कोणती कामे द्यावीत?

निवडणे, रंगांनुसार ढीग करणे, मोजणे आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली तार ओवणे. ड्रिल, पत्रा कापणे, शिडीवर चढणे ही कामे त्यांना देऊ नयेत. किनाऱ्यावर जाड हातमोजे आणि बंद बूट आवश्यक आहेत, आणि गंजका पत्रा लागलाच तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे न्यावे.

किती साहित्य लागेल? आमच्याकडे सात-आठशे बुचे जमली आहेत.

तेवढ्यात एक चौरस मीटरही भरत नाही. पाण्याच्या बाटलीचे बूच साधारण तीन सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये ओळीने सुमारे १,१०० बुचे बसतात. १० चौरस मीटरच्या कवचाला ११,००० बुचे आणि त्यांना २२,००० भोके लागतील. हा हिशेब ऐकून समितीतले चेहरे उतरतात, पण तो पहिल्याच दिवशी केलेला बरा. उपाय दोन आहेत. पहिला, आकार लहान करावा. दुसरा आणि अधिक चांगला, मोठ्या वस्तू आणि बारीक वस्तू यांची सरमिसळ करावी. पाठीला बोये, तुटक्या बादल्यांचे तुकडे आणि दोरांचे वेटोळे वापरावेत, आणि बुचे केवळ डोळ्यांभोवती, कडांना आणि जेथे माणसाची नजर जवळून पडते तेथे ठेवावीत.

खर्च कशावर होतो?

टाकाऊ वस्तू फुकट मिळतात म्हणून शिल्प फुकट होते, हा समज पहिल्या अंदाजपत्रकातच दूर करावा. पैसा लोखंड, वेल्डिंग, पाया, तार, ड्रिलचे बिट, पाणी, वाहतूक आणि इंजिनिअरचे शुल्क यांवर जातो. देणगीदार मिळाल्यास शिल्पावर त्याची जाहिरात किती असावी हे लेखी ठरवावे. ज्या कंपनीच्या वेष्टनांपासून शिल्प झाले तिचाच फलक त्याखाली लागणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही, अर्थात हा निर्णय ज्याच्या त्याच्या समितीचा.

एवढ्याने कचरा कितीसा कमी होणार? आणि प्लास्टिकचे शिल्प म्हणजे प्लास्टिकचा गौरवच नव्हे का?

कचरा जवळजवळ कमी होत नाही, हे स्पष्टपणे सांगावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालात देशातील प्लास्टिक कचरा वर्षाला सुमारे ४१ लाख टन नोंदवला आहे, म्हणजे दिवसाला ११ हजार टनांहून अधिक. अर्ध्या टनाचे शिल्प त्यापुढे कोठेच नाही. ‘इतके प्लास्टिक वाचवले’ असे फलक लावणारे उपक्रम म्हणूनच फसवे वाटतात.

उपयोग दुसऱ्या ठिकाणी होतो. एका संध्याकाळी चारशे वेष्टने धुऊन वाळत घातलेल्या माणसाला दुकानात हात पुढे करताना ती आठवतात, आणि आपल्या गल्लीतून कोणता माल सर्वाधिक निघतो याची नोंद समितीच्या हाती राहते. ही नोंद पालिकेकडे दिली तर तिचा शिल्पापेक्षाही अधिक उपयोग होऊ शकतो. गौरवाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. शिल्प केवळ गोंडस झाले तर लोक त्यापुढे फोटो काढून निघून जातात. त्यावर उपाय म्हणजे वस्तू ओळखू येतील इतक्या जवळ माणसाला येऊ देणे आणि शेजारी काय, कोठून, किती मिळाले याचा साधा तक्ता लावणे.

उन्हात प्लास्टिकचे बारीक कण पडत नाहीत का?

पडतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन ठिसूळ होते, त्यावर पांढुरकी भुकटी येते आणि शेवटी तुकडे पडतात. पातळ वेष्टने सर्वांत आधी जातात, तर मुळातच उन्हासाठी बनवलेले बोये, काळे पाइप आणि जाळ्यांचे दोर त्या मानाने टिकतात. म्हणून पातळ वस्तूंचे काम छपराखाली ठेवावे, उघड्यावरच्या शिल्पाखाली माती न ठेवता झाडता येईल अशी फरशी करावी, आणि बोटाने चोळल्यावर भुकटी लागते का, हे दर काही महिन्यांनी पाहून तसा भाग काढून घ्यावा.

देखभाल कोणी करावी?

ज्याचे नाव कागदावर आहे त्याने. चंदीगडचे रॉक गार्डन या बाबतीत बोलके आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी १९५७ पासून फुटकी कपबशी, बांगड्या, विजेच्या फिटिंग असे साहित्य सायकलवरून आणून सरकारी जमिनीवर गुपचूप काम सुरू केले आणि १९७६ मध्ये ते बाग म्हणून लोकांसाठी खुले झाले. पद्मश्री मिळाली, जगभर नाव झाले, तरीही १९९६ मध्ये ते परदेशी गेले असता कर्मचारी काढून घेतले गेले आणि बागेची मोडतोड झाली. पुढे तेथे काम करण्यासाठी स्वयंसेवक येऊ लागले. एकाच माणसाच्या उत्साहावर उभे असलेले काम तो माणूस गावाबाहेर गेला तरी डळमळते. त्यामुळे समितीत दोन पिढ्यांची माणसे असावीत, आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी वर्षातून किमान दोनदा बोल्ट, गंज आणि तारा तपासल्याची नोंदवही ठेवावी.

प्लास्टिकऐवजी दुसरे काही वापरता येईल का?

अवश्य. ऑस्ट्रेलियातून लॉस एंजेलिसला गेलेल्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ मध्ये सुरू केलेली क्रोशाची प्रवाळभिंत लोकरीची आहे. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना तायमिन्या यांनी १९९७ मध्ये दाखवलेल्या वक्र विणकामावर ती आधारलेली असून, तिच्या एका भागात प्लास्टिकही विणले आहे. जगभरातल्या अनेक शहरांत स्थानिक बायकांनी आपापली भिंत विणली. इंग्लंडमधील ‘नाइफ एंजल’ हा सुमारे आठ मीटर उंचीचा देवदूत देशभरच्या पोलीस दलांनी जमा करून घेतलेल्या सुमारे एक लाख चाकू-सुऱ्यांचा आहे. आपल्याकडे जुन्या साड्या, चिंध्या, सायकलचे सुटे भाग किंवा बांबू यांतूनही काम होऊ शकते. गोधडी शिवणाऱ्या महिला ज्या गावात आहेत तेथे चिंध्या सोडून प्लास्टिक शोधत बसण्याची गरज नाही.

गणेशोत्सवाच्या मंडपात असे शिल्प ठेवता येईल का?

ठेवता येईल, पण दिव्यांच्या माळा, समई, उदबत्ती आणि फटाके यांपासून ते लांब हवे. हॅलोजन त्याच्या जवळ लावू नये आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे.

सहभागी झालेल्यांची नावे फलकावर लिहावीत का?

शेकडो नावे लिहिली तर एक राहतेच आणि त्यावरून रुसवे होतात. वस्ती, वर्ग, बचत गट, कोळी सोसायटी अशी गटांची नावे लिहावीत. वेल्डर, इंजिनिअर आणि कचरावेचक यांचे काम मात्र स्वतंत्र ओळीत, त्यांची परवानगी घेऊन, नोंदवावे. उद्घाटकाचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिण्याची प्रथा येथे पाळली नाही तरी चालते.

शिल्प उतरवायचे झाल्यास काय करावे?

उतरवण्याची तारीख परवानगीच्या अर्जात लिहिलेली असतेच. शिवलेले तुकडे सांगाड्यावरून सोडवून तार कापावी. पेट, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन वेगळे करून ज्यांनी निवडणी शिकवली त्याच कचरावेचकांना विनामूल्य द्यावे आणि ठिसूळ झालेला, पुनर्वापर होऊ न शकणारा भाग पालिकेच्या कोरड्या कचऱ्याच्या केंद्रात वजन करून जमा करावा. लोखंडी सांगाडा शक्यतो तसाच ठेवावा, कारण इंजिनिअरने तपासून दिल्यास पुढच्या वर्षी त्याच अँगलवर दुसरी कातडी चढवता येते आणि अंदाजपत्रकातला मोठा खर्च वाचतो. ठेवायला जागा नसेल तर त्याला भंगारात चांगला भाव येतो आणि ती रक्कम समितीच्या खात्यात जमा करून पावती घ्यावी.